स्टूल आहे की!

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टूल आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला लागल्या की आधी एक लांब उसासा टाकतात. मी टाकणार नाही. मला वाईट वाटलेलं नाही, मला राग आलेला आहे. तो का आला, हे तुम्ही शांतपणे ऐकून घ्यावं, एवढीच माझी विनंती.

माझा जन्म एका नव्या संसाराच्या पहिल्या आठवड्यातला. आई आणि बाबा तेव्हा भाड्याच्या घरात राहायला आले होते. त्यांची लेक पुढे त्यांना आई-बाबा म्हणू लागली, म्हणून मीही म्हणतो. बाबा उंच, दारातून आत येताना मान वाकवणारे. आई त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती. आणि तिथला ओटा आधीच्या कुणा उंच माणसाने स्वतःच्या मापाने बांधून घेतलेला होता. आई त्याच्यासमोर उभी राहिली की तिचे खांदे कानांपाशी जायचे. वर्गात उत्तर द्यायला हात वर करावा, तसा हात उचलून ती भाजी चिरायची.

आठवडाभरात तिचे खांदे भरून आले. ती म्हणाली, "अहो, हा ओटा थोडा खाली नाही का घेता येणार?"

"भाड्याच्या घरात कसली तोडफोड?" बाबा म्हणाले. "मालक बाहेर काढेल आपल्याला. थांब, एक स्टूल करून घेऊ."

सुताराने दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडातून मला घडवलं. चार सरळ पाय, वर जाड फळी, पाय घसरू नये म्हणून फळीवर बारीक रेघा. म्हणजे माझा जन्मच तडजोडीतून झाला. पण तेव्हा ती तडजोड रास्त होती. घर आपलं नाही, भिंती आपल्या नाहीत, मग एक स्टूल आपला. मला माझा अभिमान वाटायचा. घरी कुणी आलं की म्हणायचं, "किती कामाचा आहे हो हा!" आणि मी मनातल्या मनात आणखी ताठ व्हायचो.

पण हळूहळू माझ्या लक्षात एक गोष्ट आली. पिठाचा डबा कुणीतरी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायचं. का? "स्टूल आहे की!" नवीन फळी ठोकायची ती थेट छताखाली. "अगं, पोहोचेल की तुझा हात. स्टूल आहे की!" कुणीही डोकं चालवायचं नाही ठरवलं, की माझं नाव घ्यायचं. मी होतो म्हणून घरातल्या कुणालाच आईच्या उंचीचा विचार करावा लागला नाही. मला सांगा, मित्रांनो, हे कौतुक म्हणायचं का?

बरं, मला नीट जागा तरी होती का? शेगडीसमोर मला ठेवलं की कपाटाचं दार उघडायचं नाही. त्यामुळे शेगडीपाशी आई जमिनीवरच उभी राहायची आणि मी कोपऱ्यात. मध्ये आलो की कुणीतरी पायानेच मला बाजूला सारायचं. वर पुन्हा, "मध्येच काय ठेवलाय हा!"

एकदा माझ्यावरून उतरताना आईचा पाय लचकला. घोटा सुजला. तेव्हा सगळ्यांनी वाकून माझ्याकडे पाहिलं आणि बाबा म्हणाले, "याचा एक पाय आखूड आहे. डुगडुगतो." लगेच माझ्या पायाखाली कागदाची घडी सरकवली गेली. पाय आखूड! सुताराने चारही पाय एकाच मापाने कापले होते, मी तिथेच होतो. तिथली फरशी खोलगट होती. पण फरशीला कोण बोल लावणार? जे जागचं हलत नाही त्याला कुणी काही बोलत नाही. बोलणी खातो तो उचलता येणारा.

आणि आईसुद्धा.

तिचा स्वयंपाक सगळ्यांना आवडायचा, पण मागच्या शेगडीवरचं मोठं पातेलं आठवड्यातून एकदा तरी तळाला लागायचं. मग जेवताना चेष्टा सुरू. बाबांची थोरली बहीण, म्हणजे लेकीची आत्या, आली की विचारायची, "काय मग, आज खरपूस का?" तिनेच आईचं नाव खरपूसबाई ठेवलं होतं. आत्या मनाने वाईट नव्हती, पण जीभ मोकळी सोडलेली. आईही हसायची आणि खालचा काळा थर आपल्या ताटात वाढून घ्यायची. पातेलं का लागतं, हे मला माहीत होतं. पण स्टुलाला विचारतो कोण?

अशी बरीच वर्षं गेली, लेक दहावीत गेली आणि त्यांनी स्वतःचं घर घेतलं. घर लहान, पण आपलं. आई रात्री भांडी आवरताना गुणगुणायला लागली. मीही खूश होतो. वाटलं, सुटलो. आता घर आपलं, भिंती आपल्या, ओटा आपल्या मापाचा होणार. आता आपलं काम संपलं.

स्वयंपाकघर बसवणाऱ्या मिस्त्रींनी सगळ्यांना नव्या घरी बोलावलं, तेव्हा आत्याही आली होती आणि मलाही गाडीत टाकून नेलं होतं. छताला दिवा अडकवायचा होता. खोलीत सिमेंटचा वास, कोऱ्या भिंती, एक मोठी खिडकी. मिस्त्री म्हणाले, "आज सगळं खडूने आखून घ्या. उद्या सकाळी ओट्याचं बांधकाम, मग वर दगड. एकदा दगड बसला की हलवाहलवी नाही."

आणि आखणी सुरू झाली.

"खिडकीपाशी टेबल. सहा जणांचं," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं मांडीवर ताट घेऊन जेवलो."

"आमच्या आईची मोठी पातेली कुठे ठेवणार?" आत्या म्हणाली. "ती काही मी मोडीत घालू देणार नाही. त्यांना अख्खं कपाट हवं."

"माझा ओव्हन हाताशी हवा, कोपऱ्यात नको," लेक म्हणाली.

"तू काय रोज केक करणार आहेस?"

"तू काय रोज सहा माणसं जेवायला बोलावणार आहेस, बाबा?"

खडूच्या रेघा वाढत गेल्या. खिडकी टेबलाने घेतली. भिंत कपाटाने घेतली. उजेडाची जागा ओव्हनने घेतली. उरलेल्या अंधाऱ्या कोपऱ्यात शेगडी गेली आणि तिच्या शेजारी परात ठेवण्यापुरता ओटा. रोजचे डबे? ते वर, छतापर्यंत.

"एवढ्या वर?" मिस्त्रींनी विचारलं.

तिघंही एका सुरात म्हणाले, "स्टूल आहे की!"

माझ्या फळीला तडा जायचा बाकी राहिला!

आई कुठे होती, असं तुम्ही विचाराल. ती खाली गेली होती. या सगळ्यांसाठी चहा आणायला. स्वयंपाकघर जिच्यासाठी, ती ते आखणाऱ्यांच्या चहाच्या मागे! मिस्त्री म्हणाले, "आता उंची. स्वयंपाक करणाऱ्याला उभं करा, त्या मापाने रेघ मारतो." तर बाबा पुढे होऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"साहेब, स्वयंपाक तुम्ही करता?"

"छे हो! मापापुरता उभा आहे."

मिस्त्रींनी खांदे उडवले आणि रेघ मारली. त्यांचं काय जातं? मोजमाप बरोबर होतं, माणूस चुकीचा होता.

आई चहा घेऊन आली. सगळे उत्साहाने दाखवू लागले, हे इथे, ते तिथे. ती भिंतीपाशी गेली. खडूची रेघ तिच्या बरगड्यांपर्यंत येत होती. तिने रेघेवरून एकदा हात फिरवला, खिडकीकडे पाहिलं, अंधाऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग तिची नजर माझ्याकडे आली. मी मनात म्हणत होतो, बोल. आज बोल. उद्या दगड बसेल.

ती म्हणाली, "चालेल. स्टूल आहे की."

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला आईचा राग कधी आला नव्हता. त्या क्षणी आला. तीसुद्धा? जिचे खांदे दुखतात, तीसुद्धा माझंच नाव पुढे करते? तडजोड म्हणजे सगळ्यांनी थोडं थोडं मागे सरायचं. इथे एकटी आई मागे सरत होती, आणि तिच्या मागे भिंत होती.

तेवढ्यात लेकीला खेळ सुचला. तिथे फरशांची रिकामी खोकी पडली होती. ती तिने त्या अंधाऱ्या कोपऱ्यात रेघेपर्यंत रचली आणि मागच्या बाजूला रंगाचा रिकामा डबा ठेवला. "आई, ही शेगडी. हे मोठं पातेलं. तू ढवळ, मी ओव्हन उघडते. आपण एकमेकींना धडकतो का बघू."

आई हसत पुढे झाली. तिने हात उंच करून खोटं खोटं ढवळलं. मग थांबली, हनुवटी वर केली आणि डब्याच्या दिशेने दोनदा नाक ओढलं.

आत्या खो-खो हसायला लागली. "अगं, रंगाच्या डब्याचा वास कसला घेतेस? तोही करपवलास की काय, खरपूसबाई?"

"सवय हो, वन्सं," आई म्हणाली. "मागच्या पातेल्यात मला दिसत नाही ना. वास आला की कळतं."

आत्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं. चहाचा कप तोंडाशी नेता नेता बाबांनी खाली घेतला.

"दिसत नाही म्हणजे?" आत्याने विचारलं. "म्हणजे तुला पातेल्याच्या आतलं..."

"दिसत नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

आईने हातातली खोटी पळी खाली ठेवावी तसा हात खाली घेतला. तिचा आवाज चढला नाही, पण मी तो आवाज याआधी ऐकला नव्हता. "बोलले होते. घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात. त्याचं उत्तर मिळालं होतं मला. ते काय, तिथे उभं आहे."

आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी कुणाचं तरी उत्तर असेन, असं मला कधी वाटलं नव्हतं. तेही चुकलेलं.

"अगं, पण तेव्हा घर भाड्याचं होतं..." बाबांनी सुरुवात केली.

"तेव्हा होतं," आई म्हणाली. "हे कुणाचं आहे?"

आत्याने पदर खोचला. "तू गुडघ्यावर बस रे."

"काय?"

"बस म्हणते ना! थोरली आहे मी तुझी. हां. आता हिच्याएवढा झालास. ढवळ ते पातेलं."

बाबा त्या धुळीत गुडघ्यांवर बसले आणि खोक्यांवरून हात लांबवून ढवळू लागले. त्यांचे खांदे कानांपाशी गेले. त्यांनी मान ताणली, मग आणखी ताणली.

"दूध वर आलंय, बाबा!" लेक ओरडली. "बघ, उतू चाललंय!"

"कुठे? मला दिसतच नाही..." आणि बाबांनी हात मागे घेतला. मग उठले, खिशातून रुमाल काढला आणि भिंतीवरची रेघ पुसायला लागले. इतक्या जोरात, की भिंतभर पांढरं झालं.

"मिस्त्री, परत माप घ्या," ते म्हणाले. "योग्य माणसाचं."

आई चपला काढून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. नवी रेघ पुसलेल्या रेघेच्या बरीच खाली आली.

"मग मी चहा करताना वाकायचं की काय?" बाबांनी हळूच विचारलं.

"वाका की," आई म्हणाली. "तुम्हाला तर स्टूलही लागणार नाही."

त्यानंतर कुठे खरी तडजोड सुरू झाली. टेबल सहाचं चार जणांचं झालं, भिंतीला मिटून ठेवता येईल असं. आत्याने निम्मी पातेली स्वतःच्या घरी न्यायचं कबूल केलं, जरा गुरगुरून का होईना. लेकीचा ओव्हन कोपऱ्यात गेला आणि शेगडी उजेडात आली. आईला भांडी घासायची जागा खिडकीखाली हवी होती, पण पाण्याचा नळ दुसऱ्या भिंतीत होता आणि तो हलवता येणार नव्हता. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "चालेल." त्या दिवशी पहिल्यांदा मला तो शब्द आवडला. तो तिने विचार करून उच्चारला होता, आणि तिच्यासारखंच प्रत्येकाने काहीतरी सोडलेलं होतं.

आता आम्ही नव्या घरात राहतो. डबे आईच्या हाताशी आहेत. पहिल्या दिवशी तिने मागच्या शेगडीवर दूध ठेवलं, जमिनीवर पाय टेकवून उभी राहिली आणि पातेल्यात नुसतं पाहिलं. मग परत पाहिलं, उगीचच. आत्या शेजारीच उभी होती. या घरात तिने आईला खरपूसबाई म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

आणि माझं काय झालं? मटार सोलायचे होते. आईने मला खिडकीपाशी ओढलं, आणि माझ्यावर चढण्याऐवजी ती चक्क बसली. पाय जमिनीवर टेकवून, मांडीत ताट घेऊन. स्टुलावर बसतातही, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

मित्रांनो, आम्हां वस्तूंची काळजी घ्या, असं आमच्यापैकी सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. घरात कुणी पटकन "चालेल" म्हणालं, तर तसंच पुढे जाऊ नका. त्या माणसाच्या पायांखाली काय आहे, ते वाकून बघा. तिथे माझ्यासारखं काही सरकवलेलं असेल, तर खडू घ्या आणि रेघ पुन्हा मारा. दगड बसायच्या आत मारा.

आणखी एक सांगायचं राहिलं. नव्या फरशीवर मला ठेवताना बाबांनी सवयीने कागदाची घडी आणली होती. त्यांनी मला हलवून पाहिलं. मी जराही डुगडुगलो नाही. ते खाली बसले, माझे चारही पाय त्यांनी निरखून पाहिले, मग आईकडे पाहिलं आणि ती घडी खिशात ठेवून दिली.

माझा पाय कधीच आखूड नव्हता.