बेचाळीस फूट

सेन्सॉरच्या कचेरीत टायपिस्टबाई अकरा वर्षं एकच काम करत होत्या. समितीने सिनेमातून काय काढायला सांगितलं, त्याची यादी टाईप करायची. रीळ दुसरं, अठरा फूट, चुंबन, काढून टाकावे. सिनेमे बघायचे समितीने. बाईंच्या वाट्याला नुसते कापलेल्या फिल्मचे फूट.

त्या रविवारी दुपारी त्यांचा धाकटा दीर तान्हं मूल धरावं तसं एक खोकं छातीशी धरून घरात शिरला.

"वहिनी, व्हिडिओ आणला! आणि ही कॅसेट बघा. बोटीवरच्या मित्राने बाहेरून पाठवलीय. एक इंचसुद्धा कापलेला नाही."

बाईंनी कॅसेटवरचं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. दोनच महिन्यांपूर्वी या सिनेमाची यादी त्यांच्याच बोटांखालून गेली होती. रीळ पाचवं, बेचाळीस फूट, स्त्रीचे असभ्य नृत्य.

"लाव," त्या म्हणाल्या. "आणि आधी दार लाव."

तासाभराने ते दृश्य आलं. पन्नाशीची एक लठ्ठ बाई. सहा महिन्यांनी तिच्या पायाचं प्लास्टर निघालेलं. घरात कोणी नाही असं बघून ती झगा गुडघ्यापर्यंत उचलते, पाय टेकवून पाहते, पुन्हा टेकवून पाहते, आणि मग नाचत सुटते. भांड्यांवर आपटते, हसते, पुन्हा नाचते. बस्स, एवढंच!

"अगं बाई!" टायपिस्टबाई टाळ्या वाजवत उठल्या. "मागे घे, मागे घे! पुन्हा लाव!"

चार वेळा पाहिलं तरी त्यांचं समाधान होईना.

पुढच्या रविवारी शाळेच्या सभागृहात 'व्हिडिओचा धोका' या विषयावर सभा होती. सेन्सॉर समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. सभेचा वृत्तांत लिहून घ्यायला बाईंना व्यासपीठाच्या कडेला बसवलं होतं. हॉल खचाखच भरलेला. एकजण म्हणाला, यंत्रातून किरण येतात, डोळे जातात. दुसरा म्हणाला, पोरं शाळा बुडवून घराघरात कोंडून बसतील. मग हेडमास्तर माईकपाशी आले.

"थिएटरमधून आम्ही जे काढतो ते आता मागच्या दाराने तुमच्या घरात येणार! ऐका," त्यांनी यादी उघडली. "बेचाळीस फूट, स्त्रीचे असभ्य नृत्य!"

हॉलमध्ये "शी शी" झालं. बाईंचं पेन थांबलं. आपण काय करतोय हे कळायच्या आत त्या उभ्या राहिल्या होत्या.

"सर, तिचं प्लास्टर निघालेलं असतं हो!"

"काय?"

"पायाचं. त्या आनंदात नाचते बिचारी."

"तुम्ही कुठे पाहिलंत?"

 बाईंच्या डोळ्यांसमोरून नोकरी सर्रकन गेली. पण माघार घ्यायला उशीर झाला होता.

"घरी. व्हिडिओवर."

एकदम गलका झाला. मागून एक बाई ओरडली, "मग आम्हालाही दाखवा की!" आणि हॉलने तेच उचलून धरलं. दीर घराकडे धूम पळाला आणि धापा टाकत यंत्र घेऊन आला. शाळेच्या टीव्हीला वायर जोडल्या. दृश्य सुरू झालं तेव्हा मागचे लोक बाकांवर चढून बघू लागले. संपलं तेव्हा हशा आणि टाळ्यांनी खिडक्या हादरल्या.

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग खाली बसायचं सोडून पुन्हा माईकपाशी गेले.

"हे मी पाहिलंच नव्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या दिवशीचा चौथा सिनेमा होता. माझा डोळा लागला. समितीतल्या दुसऱ्यांनी सांगितलं आणि मी सही केली."

कोणी हसलं नाही. या वयात सगळ्यांसमोर खरं बोलायला छाती लागते, हे सगळ्यांनाच कळलं. ठराव काही झाला नाही. लोक वाद घालतच बाहेर पडले.

सोमवारी कचेरीने बाईंना 'कारणे दाखवा' नोटीस काढली. टाईप करायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती त्यांनीच टाईप केली, एकही चूक न करता. खाली उत्तर जोडलं: "पाहिलं, कारण पाहावंसं वाटलं." आठवड्याने ताकीद देऊन प्रकरण मिटलं. बेचाळीस फूटही सिनेमात परत गेले, हेडमास्तरांच्या सहीने.

त्यानंतरच्या शनिवारी शेजारची शिंपीण बाईंच्या दारात उभी राहिली. सभेत तिने मोठ्याने टाळ्या वाजवल्या होत्या, पण आता तिचा चेहरा उतरला होता.

"माझ्या दोन मुली आहेत. मामाने कॅसेटी पाठवल्यात. सगळ्यांत काही असला साधा नाचच नसेल ना? मला भीती वाटते हो. तुम्ही आधी बघून सांगाल?"

बाईंनी तिला आत घेतलं.

"सांगेन. काय आहे ते सगळं सांगेन. दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

शिंपिणीने पिशवीतून तीन कॅसेटी काढून टेबलावर ठेवल्या. बाईंनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"एकटी कशाला बघू? बसा इथेच."