कुंकू लावलेली लाठी

मित्रांनो, तुम्ही मला ओळखता, पण माझ्याजवळ यायला कुणालाच आवडत नाही. मी पोलिसांची एक जुनी लाठी आहे. रायगडच्या किनाऱ्यावर, दिघीच्या खाडीपासून फार लांब नसलेल्या एका चौकीत, कपाटामागे उभी असते. चौकीचं नाव सांगत नाही. सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही.

मी बांबूच्या बेटात वाढले. मला कापलं, धगीवर शेकून सरळ केलं, पेरं तासली, तेल पाजलं आणि तळाला लोखंडी शेंबी ठोकली. मग मी शिपाई गणराजच्या हाती आले. आतल्या गावातला भातशेतीवाल्यांचा हा मुलगा अंगानं आडदांड आणि मनानं सरळ होता. कमरेखाली मारायचं, डोकं सोडायचं, हा माझा पहिला धडा. तो त्यानं कधी मोडला नाही.

मी मारण्यासाठीच जन्मले, याची मला लाज वाटत नाही. दिवेआगरच्या किनाऱ्यावर पिऊन बायाबापड्यांच्या अंगावर जाणाऱ्यांच्या पोटऱ्या मी सोलून काढल्या आहेत. जत्रेत सुरा काढणाऱ्याचं मनगट मोडलं आहे. वादळात पडलेल्या माडाखालून एका आजीला काढताना गणराजनं माझीच तरफ केली होती. तेव्हा गावानं माझंही कौतुक केलं. असे दिवस लाठीच्या नशिबी थोडेच येतात.

आता दसऱ्याचं सांगते. त्या दिवशी आपल्याकडे प्रत्येक जण आपापलं हत्यार पुजतो. शेतकरी कोयता पुजतो, कोळी वल्हं पुजतो, पोरं मोटारसायकलला झेंडूचा हार घालतात. आमच्या चौकीतही पूजा असायची. फौजदार विश्वंभर वाडीवाले, देवभोळे गृहस्थ. त्या वर्षीही त्यांनी स्वतः बंदुकांना आणि आम्हा लाठ्यांना हळदकुंकू लावलं, वर लाल दोरा बांधला. हवालदार मुबीनही शेजारी उभा होता. त्यानं प्रसाद घेतला, सोनं वाटलं. वर्षभरापूर्वी त्यानं दाढी ठेवायची परवानगी मागितली होती. तेव्हा याच फौजदारांनी त्याला समजावलं होतं, "मुबीन, वर्दीला धर्म नसतो रे." मुबीन रोज गुळगुळीत दाढी करून यायचा. फौजदार खोटं बोलत नव्हते. कुंकवात धर्म आहे, हे त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. माशाला पाणी दिसत नाही, तसं ते होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुबीन मला पाहून म्हणाला, "गणराज, पुसून टाक ना ते. आज बंदोबस्त आहे."

"देवीचं हाय, राहू दे," गणराज म्हणाला. "कुनाला काय त्रास देतंय?"

दुपारी जेटीवर शाकिर नावाच्या पोरानं मासळीचा टेम्पो मागे घेतला आणि कोळीवाड्यातल्या प्रीतमची हार घातलेली मोटारसायकल आडवी झाली. चूक साधी होती. शाकिर खाली उतरून "माफ कर, भरून देतो" म्हणतही होता. पण हाराची फुलं चाकाखाली चिरडलेली बघून कुणीतरी ओरडलं, "मुद्दाम पाडली!" झालं. प्रीतमनं शेजारच्या होडीतलं वल्हं उचललं आणि शाकिरच्या डोक्यात घातलं. टाळू फुटली. रक्त डोळ्यांत उतरलं. तशाच अवस्थेत तो पळत बर्फाच्या गोदामात शिरला आणि त्यानं आतून कडी घातली.

आम्ही पोचलो तेव्हा दारावर वल्ही आणि कोयते आपटत होते. मोहल्ल्याकडून दगड घेऊन माणसं निघाल्याचं कळलं, म्हणून मुबीन त्यांना अडवायला तिकडे धावला. त्याच्या कपाळावर पहिलाच दगड बसला, तरी तो रस्त्यात आडवा उभा राहिला. इकडे आम्ही दोघंच उरलो, गणराज आणि मी.

"गणराजदादा, तू आपलाच ना रं?" प्रीतम म्हणाला.

"मी ड्युटीवर हाय. मागं सर."

प्रीतम सरला नाही. गणराजनं मला फिरवलं. प्रीतमच्या गुडघ्याची वाटी फुटल्याचा आवाज मी माझ्या पेरांत ऐकला. दुसऱ्याचं नडगीचं हाड, तिसऱ्याचा कोपर. गणराजच्या खांद्यावर कोयत्याची पात घसरली, बाही लाल झाली, पण तो दारावरून हलला नाही. आपल्याच समाजाच्या पोरांना त्यानं गुरासारखं झोडपून मागे रेटलं. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला.

मग तो दाराला तोंड लावून म्हणाला, "शाकिर, उघड. पोलीस हाय मी. गाडी आनलीय, दवाखान्यात नेतो."

मग कडी सरकली आणि बोटभर फट पडली. पोरगं घाबरून पुन्हा दार लावेल, या भीतीनं गणराजनं घाईनं मला त्या फटीत घातलं.

इथेच घात झाला. शाकिरच्या एका डोळ्यात रक्त होतं. दुसऱ्या डोळ्याला वर्दी दिसली नाही, गणराजही दिसला नाही. दिसले मी: हळद, कुंकू, लाल दोरा. त्याचं डोकं फोडणाऱ्या वल्ह्यावर हेच होतं. दारावर आपटणाऱ्या कोयत्यांवर हेच होतं. त्यानं जिवाच्या आकांतानं मला बाहेर ढकललं आणि कडी घातली.

गोदामाच्या मागे, होड्यांत बर्फ सोडायची एक खिडकी आहे. तो तिथून खाली उतरला. ओहोटी होती. खालच्या खडकांत दोघं वल्ही घेऊन थांबले होते. त्याची किंकाळी ऐकून आम्ही वळसा घालून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गणराजनं त्या दोघांना एवढं मारलं की मी मधोमध उभी फाटले. तरी तो थांबत नव्हता. शेवटी कपाळाला रुमाल बांधलेल्या मुबीननं येऊन त्याचा हात धरला.

काही दिवसांनी शाकिरची आई हमीदाबी चौकीत आली. फौजदारांनी तिला खुर्ची दिली. गणराज खांद्याला पट्टी बांधून समोर उभा राहिला.

"चाची, मी त्याला वाचवायला गेलो व्हतो," तो म्हणाला. "देवीची आन."

"माज्या कानावर आलाय," हमीदाबी म्हणाली. "तू आपल्याच पोरांना मारलंस. तुज्यावर माजा राग न्हाय." तिची नजर कोपऱ्यात माझ्यावर गेली. कुंकू अजून तसंच होतं. "पण बाबा, आतून त्याला ते कसा कललां असतां?"

फौजदारांनी टेबलावरच्या कागदांत डोकं घातलं. मित्रांनो, गणराज खोटा नव्हता, त्याची देवीही खोटी नव्हती. उद्या मुबीन दाढी राखून अशाच एका दारापुढे उभा असता आणि आत कोळ्याचं रक्तबंबाळ पोर असतं, तर त्या पोरानंही कडी काढली नसती. आतल्या माणसाला आपल्या मनातलं दिसत नाही.

म्हणून एवढंच मागते. घरी देव पुजा, नमाज पढा, मनोभावे करा. पण उद्या तुमच्यापैकी कुणी वर्दी घातली, तर माझ्यासारख्या लाठीला फक्त तेल लावा आणि कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा. मी सरकारची आहे, एवढंच माझ्याकडे बघून कळू द्या. दार किलकिलं करणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा बघायला सवड नसते.