न उघडलेली ट्यूब

रंगारी आणि त्याची बायको वीस वर्षं एकाच परांचीवर उभं राहून इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवत आले. एकदा तिने उन्हासाठी क्रीम आणलं, तेव्हा तो सगळ्यांदेखत हसला होता. "आता महाराणी परांचीवर चढणार! अगं, ऊन म्हणजे औषध. माझ्या बापाने कधी काही फासलं होतं का?" तिने ट्यूब तशीच ब्रशांच्या डब्यात टाकली. पुढे तिच्या मानेवरचा तीळ वाढत गेला, तो कॅन्सर निघाला आणि त्यातच ती गेली.

आज लेक पहिल्यांदाच त्याच्यासोबत कामावर निघाली होती. ब्रश काढताना ट्यूब तिच्या हाताला लागली.

"बाबा, ही उघडलेलीसुद्धा नाही. आईने का नाही लावलं?"

'विसरली असेल' हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मी हसलो म्हणून," तो म्हणाला.

लेकीने ट्यूब परत डब्यात ठेवली. मग त्यानेच तिला दुकानात नेलं, नवी ट्यूब घेतली, तिची वेणी बाजूला केली आणि मानेला क्रीमचे दोन हात दिले.

"पुरे बाबा, मी भिंत नाहीये."

तो थांबला नाही.