सेउलूकाकांच्या डोक्यावर चटई

उजाडायच्या आत सेउलूकाका फिलेमूच्या दारासमोर खडीवर मांडी घालून बसले आणि घराण्यातली सगळ्यांत जुनी चटई त्यांनी डोक्यावरून ओढून घेतली. एरवी ती मऊ, बारीक विणीची चटई फक्त लग्नाला आणि मयताला बाहेर निघायची. काकांच्या मागे मान खाली घालून त्यांचा पुतण्या पेसामिनो बसला होता. गुन्हा त्याचा, पण चटईखाली बसायचं घराच्या प्रमुखाने, ही सामोआची रीत. समोरच्याने चटई उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली तर बसून राहायचं, आणि कुणी रागाने दगड घेऊन आलं तरी हात वर करायचा नाही.

धरणीने पोटात घ्यावं, असं पेसामिनोला झालं होतं.

फोनवर गावाचं एक पान आहे. गावात राहतात त्याहून जास्त माणसं त्या पानावर नांदतात. ऑकलंडला नि सिडनीला गेलेली ही मंडळी तिथून रोज फुकटची अक्कल पाठवत असतात. गेल्या आठवड्यात फिलेमूने त्या पानावर विचारलं होतं, ‘‘संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तुमच्या घरी काय बोलणं होतं? आमच्याकडे आता होत नाही. कुणी सांगाल का?’’

साधा प्रश्न. पण त्याखाली एकाने पाद्रीबाबांची प्रार्थना फार लांबते म्हणून कुरकुर केली, दुसरा त्याच्या अंगावर धावून गेला, तिसऱ्याने खरं चर्च कुणाचं हा वाद उकरून काढला. मध्येच एकाने विकाऊ डुकराचा फोटो टाकला. सिडनीच्या एका शहाण्याने अख्ख्या गावाला आळशी ठरवलं. बाईने काय विचारलं होतं, ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

पेसामिनो बोटीच्या धक्क्यावर माल चढवतो. दुपारच्या सुट्टीत त्याने सगळं वाचलं आणि मनापासून एक लांबलचक उत्तर लिहिलं. मग त्याला वाटलं, या गोंधळात हे वाचणार कोण? ते त्याने पुसलं आणि त्या जागी लिहिलं, ‘‘काकू, बोलणार कोण? तुझी बडबड चुकवायलाच आपेलूकाका समुद्रात गेले, ते परत आलेच नाहीत.’’

आपेलू म्हणजे फिलेमूचा नवरा. गेल्या वर्षी मासेमारीला गेला, नंतर त्याची होडी तेवढी सापडली.

हसऱ्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस पडला. धक्क्यावरच्या मित्रांनी पाठ थोपटली. पेसामिनो एवढा खूश झाला, की जेवतानाही फोन उघडून कोण कोण हसलं ते बघत होता. माणूस एवढा हलका होऊ शकतो, हे आज त्यालाच खरं वाटत नव्हतं.

प्रकरण गावाच्या बैठकीपुढे गेलं, तेव्हा तो म्हणाला होता, ‘‘अहो, ते फोनवर होतं. गंमत होती.’’

‘‘हो का?’’ एका म्हाताऱ्याने विचारलं. ‘‘मग तिला ऐकू गेलं नसेल, नाही का?’’

सेउलूकाका उठले. घरी जाऊन त्यांनी पेटीतून चटई काढली. निघताना एवढंच म्हणाले, ‘‘तो फोन घरी ठेव.’’

ऊन चढलं. शाळेची पोरं बघत बघत गेली. बस मुद्दाम हळू झाली आणि खिडकीतून कुणीतरी फोन बाहेर काढला. त्या फोटोखाली काय काय लिहिलं जाईल, ते पेसामिनोला तोंडपाठ होतं. दुसरा कुणी इथे बसला असता, तर पेसामिनोनेही तसलंच लिहिलं असतं. फिलेमूचा भाचा काठी घेऊन बाहेर आला. चटई हलली नाही. ‘‘आत ये,’’ घरातून फिलेमूचा आवाज आला आणि भाचा परत गेला.

काकांचे गुडघे दुखरे. ते थरथरताना चटईबाहेर दिसत होते. पेसामिनोला रडू फुटलं.

‘‘काका, मला बसू द्या चटईखाली.’’

‘‘गप बस,’’ चटईखालून आवाज आला. ‘‘तू तोंड उघडलंस म्हणूनच इथे आलोय.’’

शेवटी घराचे झावळ्यांचे पडदे वर गेले. फिलेमू बाहेर आली, तिने चटई उचलली, नीट घडी घातली. काकांचे पांढरे केस घामाने कपाळाला चिकटले होते.

‘‘उठा सेउलू. कोको निवतोय.’’

आत तिने दोघांच्याही हातात पेला दिला. पेसामिनोला तो तोंडाला लावायचा धीर होईना. काकांनी रीतीप्रमाणे माफीचं भाषण सुरू केलं. तिने त्यांना थांबवलं.

‘‘भाषण मग करा. मी गावाला एक विचारलं होतं, कुणीच सांगितलं नाही. मिनो, तू सांग.’’

‘‘मी लिहिलं होतं, काकू. आधी. मग पुसलं.’’

‘‘काय लिहिलं होतंस?’’

तो जमिनीकडे बघत बोलला. ‘‘मी आपेलूकाकांबरोबर होडीतून जायचो. प्रार्थनेचा शंख ऐकू आला की ते वल्हं आत घ्यायचे, प्रार्थना म्हणायचे. मग दिवसभरात काय काय झालं ते आठवायचे. हे फिलेमूला सांगायचं, हे नाही सांगायचं, ती काळजी करत बसेल. किनारा येईपर्यंत पाठ करायचे. मला विचारायचे, काही राहिलं का रे?’’

फिलेमूने आपला पेला खाली ठेवला.

‘‘हे पुसलंस?’’

‘‘हो.’’

‘‘का?’’

‘‘याला कुणी हसलं नसतं.’’

सेउलूकाकांनी डोळे मिटून घेतले. खडीवर बसूनही एवढा कमीपणा त्यांना वाटला नसेल. फिलेमू मात्र बसल्या बसल्या पुढे सरकली, अगदी पेसामिनोच्या समोर.

‘‘मला काय सांगायचं नाही असं तो म्हणायचा,’’ ती म्हणाली, ‘‘ते आधी सांग.’’

मान वर न करता पेसामिनो सांगू लागला.