हाकेची तार नसलेली चिप

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. अंगाने मी तुमच्या करंगळीच्या नखाएवढी, पण एक अख्खं यंत्र माझ्या जिवावर चालतं. बॅटरीतून आलेली वीज वाटून देणं हे माझं काम. पडद्याला किती, स्पीकरला किती, थोरल्या प्रोसेसरला किती, ते मी ठरवते. वाढपी ओळखीचा असला की फायदा होतो म्हणतात. माझ्याकडे ओळखपाळख चालत नाही. ज्याला जेवढं हवं तेवढंच मिळतं.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. तिथली माणसं तोंड, केस, हात सगळं झाकून वावरायची. चकचकीत तबकडीवर मी आणि माझ्या बहिणी एकत्र घडलो, मग एकेक कापून वेगळ्या झालो. आमची कसून परीक्षा झाली. मी पहिल्या फटक्यात पास झाले, हे आपलं सहज सांगते.

माझ्या धातूच्या बारीक पायांपैकी एक पाय हाक मारण्यासाठी आहे. बॅटरी संपत आली किंवा माझं अंग तापलं, की त्या पायातून मी प्रोसेसरला हाक मारायची आणि त्याने हातातलं काम टाकून ओ द्यायची. इंजिनिअर लोक या हाकेला इंटरप्ट म्हणतात. पण यंत्राच्या आतल्या ज्या सर्किट बोर्डावर मला बसवलं तो इतका चिंचोळा होता, की तिथे हाकेची तार टाकलीच नाही. त्यात काही चुकलं नव्हतं. ही तार ऐच्छिक आहे. ती नसली तर प्रोसेसरने अधूनमधून स्वतः यायचं आणि "काय गं, बरं आहे ना?" असं विचारायचं. माझं त्यावाचून काही अडलं नाही.

तो बोर्ड एका बोलक्या पाटीचा होता. ज्यांचा आवाज गेला आहे त्यांनी पाटीवरचे मोठे चौकोन दाबायचे आणि पाटीने ते शब्द मोठ्याने बोलायचे. आमची पाटी एका आत्याकडे आली. आत्या पूर्वी मुलांना पोहायला शिकवायची. तलावाच्या या काठावरून ओरडली की त्या काठावरचं पोर दचकायचं. मग घशाचा आजार झाला, ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. हाताला कंप असल्यामुळे तिला पेनही धरवेना. पाटीच्या चौकोनांवर मात्र तिचा अंगठा बरोबर पडायचा. पाटीवर ती पहिलं वाक्य बोलली, "चहात साखर कमी आहे." तिचा मोठा भाऊ हसताहसता रडला. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

हा भाऊ मायाळू, पण उतावळा. आत्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच तो ते पुरं करून टाकायचा आणि बहुतेक वेळा चुकीचं पुरं करायचा. तरी आमची काही वर्षं मजेत गेली.

एका सकाळी पाटीत नवा ड्रायव्हर आला. ड्रायव्हर म्हटलं की तुम्हाला गाडी आठवेल. आमच्याकडे ड्रायव्हर म्हणजे प्रोसेसरला माझी भाषा समजावणारा छोटा प्रोग्रॅम. तो लिहिला होता आत्याच्या भाचीने, म्हणजे या भावाच्याच मुलीने. पाट्या बनवणाऱ्या छोट्या कंपनीत ती हेच काम करायची. पोरगी हुशार, पण तिच्या टेबलावर सगळ्या नव्या पाट्या होत्या आणि त्या सगळ्यांना हाकेची तार होती. तार नसलेली पाटी तिने तपासलीच नव्हती.

नव्या ड्रायव्हरने आल्या आल्या बोर्डाला विचारलं, "हिची हाक कोणत्या तारेवर येते?"

बोर्ड म्हणाला, "तार नाही."

झालं! स्वारी रुसली. तार नाही म्हणजे चिप बिघडलेली, असं ठरवून ड्रायव्हर चालता झाला. आता स्पीकर चालू कर, पडदा चालू कर, हे मला सांगणार कोण? मी धडधाकट आणि पाटी ठार मुकी. मित्रांनो, माझा असा संताप झाला म्हणून सांगू!

नेमकं त्याच दुपारी आत्याला डॉक्टरांकडे जायचं होतं. दुसरं ऑपरेशन करायचं की नाही, हे ठरणार होतं. त्याने थोडा घोगरा आवाज परत येण्याची आशा होती, पण श्वासाला धोकाही होता. आत्याने आदल्या दिवशीच पाटीवरून बजावलं होतं, "माझं मी सांगेन." आणि आता पाटीच बंद.

भाऊ म्हणाला, "असू दे गं, मी आहे ना बोलायला."

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुकाट्याने गाडी काढायला गेला. दोघं पाटी घेऊन आधी भाचीच्या ऑफिसात आली.

भाचीने पाटी उघडली, भिंग लावून माझ्या पायाशी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आत्या, माझंच चुकलं. या चिपला तारच नाही, आणि माझा ड्रायव्हर तारेवाचून हिला कामाला लावतच नव्हता."

तिचे मोठे सर मागे उभे होते. ते म्हणाले, "सोपं आहे. तारेबद्दल काहीही उत्तर येऊ दे, तू दुर्लक्ष कर आणि पुढे जा."

"नको सर," भाची म्हणाली. "'तार नाही' हे वेगळं, 'तार आहे पण तुटली' हे वेगळं, आणि 'थांब, अजून तयार नाही' हे वेगळं. सगळ्यांवर एकच पांघरूण घातलं, तर खरा बिघाडही झाकला जाईल."

सर म्हणाले, "खरं आहे. मग आत्ताच कर."

तिने तसंच केलं. तार नसेल तर रुसायचं नाही, वीज सुरू करायची आणि थोड्या थोड्या वेळाने माझ्याकडे येऊन विचारायचं. 'थांब' उत्तर आलं तर थांबून पुन्हा यायचं. तुटली असेल तर तसं स्पष्ट सांगायचं. मग तिने पाटी चालू केली. पडदा उजळला आणि आत्याने पहिलं वाक्य दाबलं, "उशीर होतोय."

पण या तपासण्यांच्या गडबडीत बॅटरी उतरली होती आणि चार्ज करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. भाचीला सोबत घेऊन डॉक्टरांच्या खोलीत पोचलो तेव्हा माझ्याकडे वाटायला फारच थोडं उरलं होतं. हाक मारावी तर तार नाही. तेवढ्यात प्रोसेसर ठरल्याप्रमाणे आला. "काय गं, बरं आहे ना?"

"पडदा मंद कर," मी म्हणाले. "जे आहे ते स्पीकरसाठी ठेवते."

डॉक्टरांनी आत्याला धोका आणि फायदा दोन्ही नीट समजावलं. मग विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

आत्याचा अंगठा अंधूक पडद्यावर चौकोन शोधू लागला. वेळ लागत होता. भावाला ती शांतता सोसेना. "ती तयार आहे, डॉक्टर. नाही म्हणायचं असतं तर एव्हाना मान हलवली असती. तुम्ही तारीख द्या."

"बाबा, थांबा," भाची म्हणाली. "तिचं अजून व्हायचंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खोलीत सगळे थांबले. मग पाटी स्वच्छ, खणखणीत बोलली, "मला ऑपरेशन नको. श्वास आहे तो मला पुरे."

भाऊ काही बोलणार, तोच पाटी पुन्हा बोलली, "दादा, आवाज मला आहे. धीर तुला नाही."

भावाचा चेहरा उतरला. त्याने खुर्ची तिच्या जवळ ओढली आणि तो हळूच म्हणाला, "बरं. बोल तू. मी थांबतो."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादं यंत्र किंवा एखादं माणूस गप्प दिसलं, तर ते बिघडलं असं समजू नका आणि त्याच्या वतीने उत्तरही देऊन टाकू नका. हाक मारायची सोय सगळ्यांकडे नसते. ज्याच्याकडे ती नाही, त्याच्याकडे आपण होऊन जा, विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्या दुपारी भाऊ खरंच थांबला, आत्या मनातलं सगळं बोलली, आणि तिच्या शेवटच्या शब्दापर्यंत मी वीज पुरवली.