एकोणीस ठिपके

“क्रेटचं आयुष्य दोन वर्षं धरलंय,” कार्बनचा हिशेब करायला आलेल्या मॅडम जाता जाता म्हणाल्या, आणि मावशींच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

पावाच्या कारखान्यात क्रेट धुण्यात मावशींची सव्वीस वर्षं गेली होती. आता प्लास्टिक वाईट म्हणून क्रेट मोडीत काढायचे आणि पुठ्ठ्याचे खोके आणायचे, असं चाललं होतं. खोके आले की धुणं बंद आणि धुणाऱ्या सात बायका घरी. मालक दुपारी सही करणार होते.

मावशींना रडू आलं नाही, संताप आला. संतापल्या की त्यांचं डोकं फार छान चालतं, हे त्यांच्या नवऱ्याला पुरेपूर ठाऊक होतं. एक निळा क्रेट काखेत मारून त्या तडक मालकांच्या ऑफिसात शिरल्या आणि ओलाच मॅडमच्या कागदांवर ठेवला.

“ठिपके मोजा.”

“कसले ठिपके?”

“क्रेट तडकला की तापल्या सळईनं मीच सांधते. वर्षअखेरीला जो शाबूत असेल त्याच्या काठाला एक ठिपका. खोड आहे माझी.”

मॅडमनी बोट लावून मोजले. एकोणीस. पुन्हा मोजले, तरी एकोणीसच.

“एखादाच असेल असा,” मालक पुटपुटले.

“मग खाली चला की! हवा तो उचला.”

सगळी वरात खाली गेली. मॅडमनी ढिगातून न बघता दहा क्रेट ओढले. पंधराच्या खाली एकही नव्हता. मग त्या एका पालथ्या क्रेटवरच बसल्या आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन मोठ्यानं आकडेमोड करू लागल्या. दीड किलोचा क्रेट बनवताना साधारण तीन किलो कार्बन वायू. तो एकोणीस वर्षांत वाटला तर चिमूटभर. एक लिटर डिझेल जाळलं तरी जवळपास तेवढाच वायू, आणि खोक्यांचा ट्रक तर रोज लांबून येणार.

“पण तुमच्या धुण्याच्या गरम पाण्याला गॅस लागतो, तो मी धरलाय.”

“गरम पाण्यानं प्लास्टिक वाकतं, बाई. आम्ही गारच वापरतो. हात घाला.”

मॅडमनी धारेखाली हात धरला आणि “आई गं!” म्हणत मागे घेतला. सातही बायकांचे भेगाळलेले हात त्यांना तेव्हा कुठे दिसले. त्यांनी गॅसचा आकडा खोडला.

“साहेब, खोके हरले. चांगलेच हरले.”

बायकांनी क्रेट बडवून शेड डोक्यावर घेतली. मालकांना हसू आवरेना.

“मावशी, हे आधी का नाही सांगितलं?”

“आधी विचारलंत कुठे?”

मालकांनी सहीचा कागद घडी करून खिशात कोंबला. मॅडम मात्र निळ्या क्रेटपाशी घुटमळत होत्या.

“विसावा ठिपका आज मी देऊ?”

मावशींना फार बरं वाटलं, पण त्यांनी मान हलवली.

“वर्ष संपायला दोन महिने आहेत अजून. तेव्हा या.”

आणि निळा क्रेट उचलून त्यांनी धुवायच्या रांगेत, सगळ्यांच्या मागे, त्याच्या नंबराला लावला.