घशाची दोरी

हेतेपीने दोन्ही हात वर केले, पोट आत ओढले आणि श्वास धरला. मुकादम सेशेमूने त्याच्या पोटाभोवती दोरी गुंडाळली. दोरीचे टोक गाठीला लागायला हवे होते. लागेना.

"दादा, श्वास सोडा, नाहीतर इथंच गचकाल," सेशेमू म्हणाला. "चार बोटं कमी पडतंय."

भोवतीचे पाथरवट खो खो हसले.

"उपास म्हणे! वहिनी मागच्या दारानं भाकरी देत असणार."

हेतेपी चक्रावला. महिनाभर अर्ध्या भाकरीवर आणि कांद्यावर काढला होता. बिअरचा थेंब घेतला नव्हता. आठ दिवसांपूर्वी घरी याच दोरीने मोजले, तेव्हा टोक बरोबर गाठीला लागले होते.

राजाचा देह मिठात ठेवून साठ दिवस झाले होते. आणखी दहा दिवसांनी त्याला पिरॅमिडच्या पोटातल्या दालनात नेऊन ठेवायचे होते. मग सगळे बाहेर पडणार आणि दोन माणसे मागे राहणार. आतल्या उतारावर ग्रॅनाइटचे तीन प्रचंड ठोकळे लाकडी टेकूंनी अडवून ठेवलेले होते. टेकू पाडले की ते घसरत खाली जायचे आणि दालनाकडे चढणारी वाट कायमची बुजायची. त्या दोघांनी मग बाहेर यायचे ते खडकात खोदलेल्या उभ्या भुयारातून.

ते भुयार हेतेपीने खोदले होते. मध्येच खडक असा कडक लागला की तिथे जेमतेम माणूस सरकेल एवढेच भोक पडले. सगळे त्याला घसा म्हणत. दोरी त्या घशाच्या घेराची होती. पुरोहितांनी आतली वाट शुद्ध करून घेतल्यापासून तिथे कुणाला पाऊल टाकायची मुभा नव्हती, म्हणून आता दोरी सांगेल ते खरे. वीस वर्षे हेतेपीने एकच हाव धरली होती: राजाला शेवटचा निरोप आपण द्यायचा. त्यापुढे त्याला काही नको होते.

"पुन्हा मोजा," तो म्हणाला आणि दोरी स्वतःच्या हातात घेतली.

अंगठा गाठीवर गेला आणि तिथेच थांबला. पाथरवट गाठ मारतो ती टोक बाहेर ठेवून, ओढली की सुटावी म्हणून. हिचे टोक आत खोचलेले होते. ही गाठ तो रोज घरी बघत होता, कांद्याच्या जुडीवर, पिठाच्या पिशवीच्या तोंडाला. तिच्यापासून चार बोटांवर, लाल मातीने माखलेल्या दोरीवर, जुन्या गाठीची पांढरी खूण तेवढी उरली होती.

त्याला खोकल्याची उबळ आली. त्याने ती घशातच दाबली. गेले वर्षभर तो ती दाबत आला होता. दगडाची धूळ छातीत बसली आहे हे इथे कुणाला ठाऊक नव्हते. घरी मात्र पहाटे तोंडात फडके कोंबून खोकले तरी नुबेतला, त्याच्या बायकोला, जाग यायचीच. एकदाच तिने विचारले होते, "आत हवा असते का हो?" आणि तो हसून म्हणाला होता, "राजाला कुठं लागते?" त्यानंतर तिने तो विषय काढला नव्हता. आपली बायको गप्प बसली म्हणजे पटले, असे इतक्या वर्षांनंतरही त्याला वाटले, याचे आता त्यालाच हसू आले.

गाठ सरकली आहे, एवढे म्हणायचा अवकाश होता. मग त्याला वाट मोकळी होती.

त्याने पांढरी खूण मुठीत झाकली.

"दोरी खोटं बोलत नाही, मुकादम. इदूला पाठवा."

इदू तिशीचा, काटक, दोन लेकरांचा बाप. तो खाली बघत म्हणाला, "मामा, मान तुमचा आहे."

"मान पोटात गेला माझा," हेतेपी म्हणाला. पाथरवट पुन्हा हसले. "तू ऐक. डावा टेकू शेवटी पाडायचा. आणि घशात खांदा तिरका कर, घाई करू नकोस. तो कुणाला धरून ठेवत नाही."

घरी नुबेत चुलीपुढे बसली होती. तिने वर पाहिले नाही.

"मोजलं?"

"चार बोटं कमी पडलं."

"कांदाच तर खात होता तुम्ही."

"हो ना."

तो तिच्याजवळ बसला. मग खोकला आला आणि या वेळी त्याने तो दाबला नाही. नुबेतने पाणी दिले आणि तो थांबेपर्यंत त्याची पाठ चोळत राहिली. तिच्या त्या हातावर त्याचा जीव होता, आणि हे तिला सांगायचे मात्र वर्षानुवर्षे राहून गेले होते.

त्याने कमरेची दोरी सोडून तिच्या मांडीवर ठेवली.

"ही उद्या इदूला द्यायचीय. गाठ जुन्या जागी बांधून ठेव."

नुबेत दोरीकडे बघत राहिली. तिने डोळ्यांना पदर लावला.

"आणि भाकरी वाढ," हेतेपी म्हणाला. "दोन वाढ. आता मला कुठं मापात बसायचंय?"